लोगोत गिअर पाहिजे

छत्रपती संभाजीनगरात मुलगा काय करतो असं कुणी विचारत नाही. ‘कंपनीत आहे का?’ असं विचारतात. हो म्हटलं की, ‘वाळूज का शेंद्रा?’ आणि मग आवाज जरा खाली आणून, ‘परमनंट?’ या तीन प्रश्नांची उत्तरं खणखणीत आली की निम्मी पत्रिका जुळली; उरलेल्या निम्मीसाठी गुरुजी आहेतच. आमचा भाचा या तिन्ही विषयांत पहिल्या वर्गात पास होता. मेकॅनिकल इंजिनियर, वाळूज, परमनंट; शिवाय कंपनीच्या बसमध्ये खिडकीची ठरलेली जागा. या मुलानं एका रविवारी भरल्या घरात पोहे खाता खाता जाहीर केलं की तो नोकरी सोडतोय. डिझायनर होणार. कारण काय, तर आवड.

ताईनं आधी गॅस बंद केला. मोठी बातमी आली की आमच्याकडे बायका आधी गॅस बंद करतात. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘आवड? आम्हाला कुणी विचारली होती का आवड? भरती निघाली, जाऊन उभा राहिलो.’’

दाजींचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण आमच्या अख्ख्या खानदानात सगळ्यात लांबची उडी कुणी मारली असेल, तर ती दाजींनीच. वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला १९८५ साली. आजूबाजूला सुटे भाग करणारी छोटी-मोठी वर्कशॉपं उभी राहिली आणि गंगापूर, पैठण, वैजापूरकडची पोरं औत सोडून लेथवर आली. दाजी त्यातलेच, आयटीआयचे टर्नर. बापजाद्यांच्या हातात तिफण होती, यांच्या हातात व्हर्नियर आलं. पण त्याला कुणी ‘करिअर स्विच’ म्हटलं नाही, ‘पोरगं लागलं’ म्हटलं. गावात पेढे वाटले. आता त्यांचं पोरगं तेवढीच उडी मारायला निघालं, तर पेढे राहिले बाजूला, पुढ्यातले पोहेसुद्धा कुणी संपवले नाहीत.

बरं, या आवडीला खतपाणी कुणी घातलं? दाजींनीच. शाळेत असताना त्यांनीच पोराला एलिमेंटरीला बसवलं, नंतर इंटरमिजिएटला. महाराष्ट्रात ही परीक्षा ज्या घरात कुणीच दिली नाही असं घर शोधावं लागेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. संकल्पचित्रात चौकोनात पानंफुलं बसवायची. ती एकमेकांना टेकली पाहिजेत, पण एकमेकांवर चढता कामा नयेत. स्मरणचित्राला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विषय म्हणजे ‘नळावर पाणी भरणाऱ्या बायका’. आमच्या शहरात नळाला पाणी इतक्या दिवसांनी येतं की तो विषय खरोखरच स्मरणाचा होऊन बसतो. भाच्याला ए ग्रेड मिळाली. तिचे वाढीव गुण दहावीला मिळाले, दाजींनी ते गुणपत्रिकेवर बोट ठेवून दोनदा मोजले, आणि रंगपेटी माळ्यावर गेली. शहरात सरकारी कला महाविद्यालय आहे, पण तिकडे वळायचा प्रश्नच नव्हता. अकरावी सायन्सला चित्रकलेचे गुण नसतात आणि ज्याला गुण नसतात त्याला आपल्याकडे छंद म्हणतात.

भाच्यानं वकिली मात्र चांगली केली. म्हणाला, ‘‘पप्पा, इंजिनियरनं डिझाइनला जाणं हा काही पोरखेळ नाही. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून आयडीसी आहे, डिझाइनचं शिक्षण देणारी. तिथं इंजिनियर आणि आर्किटेक्टही येतात मास्टर्सला. रुपयाचं चिन्ह काढणारे उदय कुमार मूळचे आर्किटेक्ट, मग आयडीसीत गेले. २०१० साली सरकारनं त्यांचं चिन्ह निवडलं आणि अडीच लाख बक्षीस दिलं. एका अक्षराचे अडीच लाख!’’

दाजींनी क्षणभर विचार केला. ‘‘एकदाच दिले ना? पगार महिन्याला येतो.’’

या मुद्द्याला पवईतही अजून कुणाला उत्तर सापडलेलं नसावं. भाच्यानं नोकरी सोडलीच. सेकंड शिफ्ट करून आल्यावर रात्री-रात्री बसून तो फिग्मा शिकला होता, पोर्टफोलिओ का काय तो तयार होता, थोडे पैसे बाजूला टाकले होते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. हल्ली सगळेच असंच करतात.

मला काळजी वाटत होती ती वेगळीच. आवड म्हणून या धंद्यात उतरणाऱ्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही. इथं आवड लागते, पण ती गिऱ्हाइकाची. लेथवर उभ्या माणसाला ड्रॉइंगमध्ये लिहिलंय तेवढं माप काढलं की संपलं. कुणी येऊन ‘हा शाफ्ट जरा आनंदी दिसू दे’ असं म्हणत नाही. डिझायनरला म्हणतात. स्वतःच्या आवडीखातर नोकरी सोडायची आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या आवडी पुरवायच्या, असा हा व्यवहार आहे. आणि तो आमच्या शहराला काही नवा नाही.

बीबी का मकबऱ्यापर्यंत गेलं तरी पुरे. ताजमहालाचे मुख्य स्थापती मानले जातात त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा अताउल्ला, त्यानं मकबरा रचला. दारावर त्याचं आणि हंसपत रायचं नाव कोरलेलं आहे. काम १६६० च्या सुमाराचं, गिऱ्हाईक म्हणजे खुद्द मोगल घराणं. अताउल्लाला सांगितलं काय गेलं असेल, ते कुठल्याही डिझायनरला न वाचता कळतं : ‘तुमच्या वडिलांनी केलंय तस्संच पाहिजे, फक्त बजेट जरा बघा.’ मग पोरानं डोकं चालवलं. संगमरवर लावला तो खाली कंबरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. मधल्या भागाला आपला काळा दगड आणि त्यावर पांढरा गिलावा. जिथं हात पोचतो तिथं अस्सल, जिथं नजर जाऊन थांबते तिथं अस्सल, मधे जमवून घ्या. टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्या पाहिल्याचं लिहून ठेवलंय; म्हणजे माल काही अगदीच थोडा आला नव्हता. पण खर्च? जुन्या तवारिखेत तो नोंदलाय, ६,६८,२०३ रुपये ७ आणे.

ते सात आणे पाहा. पावणेसात लाखांच्या कामात सात आण्यांचा हिशेब ठेवणारा कुणीतरी तिथं बसला होता, आणि त्यानं त्या सात आण्यांचा खुलासा मागितल्याशिवाय बिल पास केलं नसणार. आज पर्यटक येतात, मान वर करून म्हणतात, ‘ताजसारखा नाही बुवा.’ बजेट किती होतं, ते एकजण विचारत नाही.

आमचं हिमरूही याच वळणाचं. सोन्याचांदीच्या तारांचं किमखाब सगळ्यांना कुठून परवडणार? तेव्हा सूत आणि रेशमात तीच ऐट विणून द्यायची. कमी पैशांत जास्त थाट, ही या शहराची जुनी खासियत आहे, आणि गिऱ्हाइकाला ती तोंडपाठ आहे.

मेजर रॉबर्ट गिल हा तर आमच्या भाच्याचा गुरुबंधूच. मद्रास पलटणीतला फौजी. १८४४ साली कंपनी सरकारनं त्याला अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायच्या कामावर नेमलं (तोही कंपनीतलाच, फक्त ईस्ट इंडिया). अंधारात, वटवाघळांच्या संगतीत त्यानं वर्षानुवर्षं भल्यामोठ्या नकला रंगवल्या आणि विलायतेला पाठवल्या. १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या जेजे स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले, १८७२ पासून पुढे बरीच वर्षं त्यांनी नव्यानं नकला केल्या. त्याही विलायतेला गेल्या, आणि त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ चित्रं मात्र दीड-दोन हजार वर्षं झाली तरी लेण्यातच आहेत. ओरिजिनल फाइल गिऱ्हाइकाच्या हवाली करू नये, हे भाच्याच्या ऑनलाइन कोर्समध्ये पैसे घेऊन शिकवतात.

या सगळ्यांत मनासारखं काम करायला मिळालं ते एकट्या मलिक अंबरला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, निजामशाहीत सैनिक झाला, वजीर झाला, आणि १६१० साली त्यानं खडकी वसवली. तेच पुढं हे शहर. लांबून जमिनीखालून खापराच्या नळांनी पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. त्याला कुणी ‘नहर जरा डावीकडे घ्या’ म्हणालं नाही, कारण डिझायनरही तोच आणि गिऱ्हाईकही तोच. मी भाच्याला म्हटलं, ‘‘स्वतःच्या आवडीनं काम करायचंय ना? आधी वजीर हो.’’

वजीर व्हायच्या आत नातेवाईक आले. घरात डिझायनर आहे म्हटल्यावर कामांना तोटा नव्हता. तोटा फक्त पैशांना होता. एका वहिनीला ब्लाऊजचा पाठीचा गळा ठरवून हवा होता. भिशीतल्या काकूंना नातवाच्या बारशाची पत्रिका, ‘‘दोन मिनिटांचं तर काम आहे, तुझ्याकडे लॅपटॉप आहेच.’’ एका स्थळाकडचे गृहस्थ बघायला आले, त्यांनी चहा पिता पिता विचारलं, ‘‘घरून काम करतात म्हणजे... दिवसभर घरीच असतात?’’ कप खाली ठेवला आणि मोटारसायकलची किल्ली शोधायला लागले.

पैशाचं पहिलं काम आलं ते वाढदिवसाच्या बॅनरचं. एका मित्रमंडळाचं. भाच्यानं घरी बसून जे केलं होतं ते खरोखर देखणं होतं. एक फोटो, एक ओळ, भोवती पुष्कळ मोकळी जागा. पैठण गेटकडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात ते छापायचं होतं, मी बरोबर गेलो. तिथला ऑपरेटर एक अनुभवी भाई. कोरल ड्रॉवर त्याचा हात असा चालायचा की माऊसकडे बघायची त्याला गरज नव्हती. त्याच्या पाठीमागे प्लॅस्टिकचं स्टूल, ते गिऱ्हाइकाचं. मॉनिटरची वरची कड बोटांच्या ठशांनी धुरकट झाली होती. सगळ्या गिऱ्हाइकांची बोटं तिथंच टेकतात, कारण नेत्यांचे फोटो तिथं येतात.

मंडळाचे अध्यक्ष स्टुलावर बसले. बराच वेळ डिझाइनकडे बघितलं.

‘‘हे एवढं रिकामं का सोडलं?’’

‘‘त्यानं डोळ्याला आराम मिळतो, भाऊ.’’

‘‘आराम घरी करतील लोक. तुम्ही पैसे स्क्वेअर फुटानं घेता ना? मग रिकाम्या फुटाचे मी कामून देऊ?’’

फिग्मा शिकवणाऱ्या एकाही गुरूनं या प्रश्नाची तयारी करून घेतलेली नसते. भाचा गप्प बसला. मग व्हॉट्सॲपवर फोटो यायला सुरुवात झाली. एक गॉगल लावलेले, एक फोनवर बोलत असलेले, एक कुणाच्या तरी लग्नातून कापून काढलेले. त्यांच्या खांद्यावर अजून नवरीचा मेंदीचा हात होता. हात भाईनं सफाईनं पुसला. ‘साहेब’ सगळ्यात वर, मग ‘दादा’, मग ‘भाऊ’, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. भाच्यानं एक फोटो जरा मोठा केला तर भाई दचकला. ‘‘अरे भाई, दादा की मुंडी साब से बडी हो गई ना. छोटी करो, नई तो सुबह तक बॅनर नई रहता.’’ प्रमाणबद्धतेचा इतका व्यवहारी धडा मी तरी कुठं ऐकलेला नाही.

भाच्यानं अक्षरासाठी ‘मुक्ता’ निवडला होता, साधा, स्वच्छ. भाईनं तो एका क्लिकवर घालवला आणि श्रीलिपीतलं एक जाडजूड अक्षर आणलं. अक्षराला पिवळी बॉर्डर, बॉर्डरला लाल शॅडो, शॅडोला पांढरा ग्लो. अध्यक्ष पहिल्यांदा हसले. परत येताना भाचा म्हणाला, ‘‘मामा, अक्षर कुणी काढलं याचं कुणाला काही पडलेलंच नाही.’’ त्याला मी र. कृ. जोशींची गोष्ट सांगितली. जाहिरातींच्या धंद्यातला माणूस, पुढं आयडीसीत शिकवायला गेला, आणि संगणकावरचं ‘मंगल’ हे अक्षर त्यांनी घडवलं. निम्म्या महाराष्ट्राचे सरकारी अर्ज, नोटिसा, परिपत्रकं त्या अक्षरात निघाली. मंगल सगळ्यांना माहीत, जोशी विचारा कुणाला. भाच्याला यानं धीर आला की होता तोही गेला, ते मला नीट कळलं नाही.

त्याला खरा हात दिला तो शहराच्या नावानं. २०२३ साली नाव बदललं. नाव लांबलं, पण दुकानांच्या पाट्यांची रुंदी होती तेवढीच राहिली. ‘औरंगाबाद’च्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’ बसवायचं म्हणजे अक्षरं इतकी चेपावी लागत की वेलांट्या एकमेकींना ढुसण्या द्यायच्या. लेटरहेड, बिलबुकं, शिक्के, व्हिजिटिंग कार्डं. पत्त्याची शेवटची ओळ सगळीकडे कागदाबाहेर चाललेली. इथं भाच्याची भूमिती कामाला आली. नाव दोन ओळींत कसं मोडायचं, पिनकोड कुठं सरकवायचा, यात तो पटाईत झाला. पहिल्यांदा घरात त्याचे पैसे आले ते या कामाचे. दाजींनी ते मोजले आणि काही बोलले नाहीत. म्हणजे बरे होते.

मधे त्याला ॲपचं वेड लागलं. आपल्या कॉलनीला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येणार ते सांगणारं ॲप. धरण जायकवाडीचं, जवळच, नळ घरात, पण दोघांची गाठ कधी पडणार हे कळत नाही, तर ते फोनवर कळावं, एवढी साधी कल्पना. शास्त्राप्रमाणे त्यानं आधी लोकांच्या मुलाखती घेतल्या. सिडकोतल्या काकूंना विचारलं, ‘‘पाणी येणार हे तुम्हाला कसं समजतं?’’ एकीला लाइनमनच्या मोटारसायकलचा आवाज ओळखू येत होता. दुसरीच्या नळातून पाण्याआधी हवा सुटायची, ती शिट्टी ऐकून तिला झोपेतून जाग यायची. तिसरी म्हणाली, ‘‘ते सगळं राहू दे बाळा, टँकरवाला फोन उचलत नाही, त्याचं काही करता येतं का बघ.’’ ॲप तिथंच थांबलं. ताईचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर ‘आलं’ एवढंच येतं, आणि सगळ्या गल्लीतल्या मोटारी सुरू होतात.

आता सध्याचं काम. चिकलठाण्याला वर्कशॉप असलेले दाजींचे एक जुने मित्र. दाजींनीच शब्द टाकला. काका म्हणाले, ‘‘लोगो पाहिजे. त्यात गिअर पाहिजे.’’ एमआयडीसीत फिरून पाहा, दर दोन पाट्यांमागे एका पाटीवर गिअर असतो. आत लोणच्याच्या बरण्या का बनेनात, बाहेर गिअर. भाच्यानं एक सुबक गिअर काढून दाखवला.

‘‘एक नाही, तीन टाक. आम्ही तिघं भाऊ पार्टनर आहोत. तिघं एकमेकांत गुंतलेले दिसले पाहिजेत.’’

आता भाच्यातला मेकॅनिकल इंजिनियर जागा झाला. म्हणाला, ‘‘काका, तीन गिअर असे त्रिकोणात एकमेकांना लागले ना, तर एकही फिरत नाही. पहिला उजवीकडे फिरला तर दुसरा डावीकडे, मग तिसऱ्यानं कुणाचं ऐकायचं? जाम होतात.’’

काका जरा वेळ काहीच बोलले नाहीत. वर्कशॉपमधल्या गोष्टी बाहेर कुणी सांगितल्या, अशी शंका त्यांना आली असावी. मग म्हणाले, ‘‘लोगो थोडाच फिरवायचाय?’’

भाचा हटला नाही. त्यानं फोनवर काढून दाखवलं : इंग्लंडच्या दोन पौंडांच्या जुन्या नाण्यावर औद्योगिक क्रांतीची आठवण म्हणून एकोणीस गिअरांचं गोल कडं काढलं होतं. एकोणीस म्हणजे विषम; ते कडं जन्मात फिरणार नाही. इतक्या मोठ्या देशाचं लोकांनी हसं केलं.

काकांनी चष्मा वर करून ते नाणं नीट पाहिलं. ‘‘पण चाललं ना बाजारात?’’

झालं. भाच्यानं मान खाली घातली आणि तीन गिअर काढायला घेतले. दाजी मागे खुर्चीत बसून बघत होते. निवृत्त झाल्यापासून ते असे त्याच्या मागे बसतात, आणि कुठं अर्धा मिलीमीटर कमी-जास्त झालं तर पडद्यावर नुसत्या नजरेनं ओळखतात. आधी भाच्याला याचा राग यायचा. मग त्यानं एकदा मोजून पाहिलं, तेव्हापासून गुपचूप दुरुस्त करतो. त्या दिवशी दाजी उठून जवळ आले. म्हणाले, ‘‘तिसरा गिअर एकालाच लागू दे. दुसऱ्यापासून केसभर सोड. दिसायला गुंतलेले दिसतील, पण फिरतील.’’

बापलेकांनी रात्री उशिरापर्यंत बसून ती फट काढली. दाते मोजले, कोन जुळवले. पडद्यावर फिरवूनसुद्धा पाहिले, फिरले. ताईला झोपेतून उठवून दाखवलं. काकांना फाइल गेली, पसंत पडली, पाटी छापायला पैठण गेटला भाईकडे गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ती घ्यायला गेलो. भाईनं पाटी उभी करून धरली, वरून कापड फिरवलं आणि अभिमानानं म्हणाला, ‘‘एकदम फर्स्ट क्लास काम हुआ है. बीच में जरा गॅप दिख रही थी, वो मैंने भर दी.’’